विद्यार्थि-साहाय्याचा ताळेबंद : काही इतिहास, काही आत्मपरीक्षण

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत देणगीदारांची नामावली, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि हिशेबतपासनिसांनी प्रमाणित केलेले जमाखर्चपत्रक ही तीन अंगे वर्षानुवर्षे अगत्याने छापली जात आली आहेत. यांतील एकही अंग गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्यांनी पदरमोड करून संस्था उभी केली त्यांचे ऋण मानणे हा आपला धर्मच होय. आणि ज्ञातीतील मुलामुलींच्या यशाने कोणाचे मन आनंदित होणार नाही? परंतु संपादकमंडळाने यंदा वसतिगृहाविषयी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, आणि त्या निमित्ताने जुनी दफ्तरे चाळीत असता एक उणीव आमच्या ध्यानी आली. किती रुपये आले आणि किती गेले याचा हिशेब तेथे पै-पैचा आहे. पण किती विद्यार्थी आले, किती शेवटपर्यंत टिकले आणि जे मधूनच निघून गेले ते का गेले, याचा हिशेब मात्र कोठेच नाही.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे दोन ठराव यावयाचे आहेत, हे सभासदांस ठाऊक आहेच. कायम निधीच्या व्याजातून वसतिगृहाच्या आवारात कार्यालय बांधून ते लग्नमुंजींसाठी भाड्याने द्यावे, असा एक ठराव आहे. ते व्याज विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठीच राखून ठेवावे आणि वसतिगृहातील काही जागा ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यांस खुल्या कराव्यात, असा दुसरा आहे. दोन्ही पक्षांत संस्थेचे हित चिंतणारीच माणसे आहेत. तेव्हा मत देण्यापूर्वी, आपल्या महाराष्ट्रात विद्यार्थि-साहाय्याची ही कल्पना कोठून आली, तिने काय साधले आणि ती कोठे अपुरी पडली, याचे थोडे सिंहावलोकन उपयुक्त ठरेल, अशा हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

शहरात शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला समाजाने आधार द्यावा, ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. वार लावून जेवणे आणि माधुकरी मागणे या दोन प्रथांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे करीत आठवडा काढायचा आणि रात्री एखाद्या देवळाच्या ओवरीत पाठ घोकायचे. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने याच परंपरेला संस्थेचे रूप दिले. पुढे ते पुणे विद्यार्थी गृह या नावाने नावारूपास आले. ही प्रथा कष्टाची होती, मानी मुलाला ती बोचतही असे. तथापि एक गोष्ट येथे विसरून चालणार नाही. वार लावण्यासाठी ज्याच्या पंक्तीला आपल्याला बसू देतील असे घर शहरात असावे लागते. कुणब्याच्या, धनगराच्या, माळ्याच्या मुलाला असे घर मिळणे दुर्घट होते. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला तर जेवण राहोच, भाड्याने खोलीदेखील मिळत नसे. म्हणजे बुद्धी आहे, शाळेत नाव आहे, पण रात्री पाठ टेकायला जागा नाही, अशी त्यांची अवस्था होती. वसतिगृहांची चळवळ या अडचणीतून जन्मास आली.

या प्रश्नाचे मर्म प्रथम ज्यांनी ओळखले त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षणाची मागणी होती हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयी त्यांनी मांडलेला विचार तितकासा सांगितला जात नाही. शिष्यवृत्त्या चढाओढीच्या परीक्षेने वाटणे हे वरवर पाहता न्याय्य दिसते, पण त्यामुळे ज्या वर्गांत विद्येचा शिरकावच झालेला नाही त्यांच्यापर्यंत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी वेगळ्या ठेवाव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्याच्या घरी तीन पिढ्यांचे पुस्तक आहे आणि ज्याच्या घरी दिवाच लागत नाही, त्या दोघांना एकाच रेषेवर उभे करून धावायला लावणे याला न्याय म्हणता येत नाही, ही गोष्ट त्यांना त्या काळी उमगली होती. आमच्या मते विद्यार्थि-साहाय्याचे मूल्यमापन करण्याची पहिली कसोटी येथेच सापडते. साहाय्य किती दिले हे पाहण्याच्या आधी ते कोणापर्यंत पोहोचले हे पाहावे.

या कसोटीवर स्वतःचीच व्यवस्था घासून पाहणारा आणि ती खोटी ठरताच बदलणारा राज्यकर्ता कोल्हापुरास लाभला, हे आपल्या प्रांताचे भाग्य. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. ते सर्व जातींसाठी होते. दारावर कोणालाही मज्जाव नव्हता. परंतु थोड्याच वर्षांत असे दिसून आले की, त्याचा लाभ जवळजवळ एकाच, आधीच शिकलेल्या वर्गाच्या मुलांना मिळत आहे. नियमात कोणास बंदी नव्हती. तरीही व्यवस्था ज्यांच्या हाती होती त्यांच्या आणि आत राहणाऱ्यांच्या वागण्यामुळे इतरांना तेथे आपलेपणा वाटेना. दार उघडे होते, पण आत बसायला पाट नव्हता.

येथे एखादा सामान्य प्रशासक असता तर, ‘आम्ही सोय केली, मुलेच येत नाहीत,’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. महाराजांनी तसे केले नाही. मुले येत नाहीत हा मुलांचा दोष न मानता तो व्यवस्थेचा दोष मानला, आणि १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकामागून एक वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, कायस्थ प्रभू अशा कितीतरी समाजांना त्यांनी जागा, इमारती आणि वार्षिक साहाय्य दिले. १९२० साली प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस निघाले. त्याच वर्षी नाशिक येथील उदाजी मराठा वसतिगृहाच्या पायाभरणीसही महाराज गेले होते. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नव्हे. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांची वसतिगृहे ही त्याच वृक्षाची पारंबी होय, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

तथापि इतिहास पूर्ण सांगायचा तर त्याची दुसरी बाजूही सांगावयास हवी. जातवार वसतिगृहांमुळे प्रत्येक समाजाची मुले शहरात आली, शिकली, पुढे आली; हा लाभ निर्विवाद आहे. परंतु त्याच भिंती काही वेळा कुंपणही झाल्या. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापुरातील जैन बोर्डिंगमध्ये राहत असत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. एका वसतिगृहाने दार लावले म्हणून त्या मुलाच्या मनात दार नसलेल्या वसतिगृहाची कल्पना रुजली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भाऊरावांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी नाना जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीला जेवीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. जातवार वसतिगृहे उभारणाऱ्या राजाचे नाव सर्व जातींच्या वसतिगृहाला दिले गेले. यात वरवर विरोध दिसला तरी तो खरा विरोध नव्हे. शाहू महाराजांनी जेथून सुरुवात केली तेथे थांबणे त्यांना स्वतःलाही अभिप्रेत नव्हते. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले इतकेच.

या वसतिगृहाच्या हिशेबात एक रक्कम अशी आहे की, ती कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. कर्मवीरांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. शेवटी मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. १९३० साली त्या निवर्तल्या. आपल्या संस्थेच्या नामफलकावर मोठ्या रकमांपुढे मोठी नावे कोरलेली आहेत, आणि तशी ती असावीतही. पण वसतिगृह देणगीने उभे राहते आणि मायेने चालते, हे साताऱ्याच्या या माउलीने दाखवून दिले.

भाऊरावांच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट होती आणि ती मूल्यमापनाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्याची मान खाली जाऊ नये, याची त्यांनी काळजी घेतली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर, रस्त्याच्या कामावर घाम गाळावा आणि त्या कष्टाच्या बळावर शिकावे. मग तो कोणाचा मिंधा राहत नाही. स्वावलंबी शिक्षण हे रयतचे ब्रीदच होते. आज पुणे विद्यापीठासह कित्येक ठिकाणी ही योजना चालते, आणि पुण्यात तर तिला कर्मवीरांचेच नाव दिलेले आहे. मात्र ही योजना राबविताना एक तारतम्य ठेवावे लागते. विद्यार्थ्याचे काम इतके वाढू नये की, कमवण्याच्या पायी शिकणे मागे पडावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कार्य या बाबतीत वेगळ्या उंचीवरून पाहावे लागते. परदेशातील उच्च शिक्षणासाठी १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती. साहाय्याने काय साधते आणि ते अर्ध्यावर थांबले तर काय होते, हे दोन्ही त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९१७ साली लंडनमधील अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या वतीने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह उघडले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे वर्ग सकाळी भरत. हेतू हा की, ज्याला पोटासाठी दिवसा कचेरीत खर्डेघाशी करावी लागते त्यालाही पदवी घेता यावी. घड्याळाचे काटे विद्यार्थ्याच्या सोयीने फिरविणे हेही साहाय्यच आहे आणि त्याला वेगळा निधी लागत नाही, ही गोष्ट महाविद्यालयांच्या चालकांनी आजही ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढे १९५० साली औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातील खेडोपाडीच्या मुलांना त्याच्या वसतिगृहांचा केवढा आधार झाला हे त्या भागातील जाणत्यांस सांगावयास नको. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांनी काढलेले श्रद्धानंद छात्रालय आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली सुरू केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे कार्य, यांचाही येथे आदराने उल्लेख करणे अगत्याचे आहे.

सरकारी साहाय्याचा ओघ यानंतर वाढला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारने वार्षिक ३ लाख रुपयांची तरतूद केली. आजच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे ते मूळ होय. मुंबई राज्यात १९५९ साली अल्प उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना शुल्काची सवलत सुरू झाली. तिलाच सर्वत्र ई.बी.सी. म्हणत. येथे जातीऐवजी उत्पन्न हा आधार धरला होता. बिनसरकारी प्रयत्नांत पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समितीचे नाव घ्यावे लागेल. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली स्थापन केलेल्या या समितीने खेड्यातील विद्यार्थ्यांना निवास आणि भोजनाबरोबर श्रमाचे आणि शिस्तीचे वळणही दिले.

मुलींच्या बाबतीत हा इतिहास आणखी खडतर आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे हिंगण्याच्या माळावरील झोपडीत त्याचा संसार थाटला, तेव्हा शिकणाऱ्या विधवेला निवारा देणे हेच शिक्षणाचे पहिले पाऊल आहे हे त्यांनी जाणले होते. आज व्यावसायिक अभ्यासक्रमांस शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून पूर्णपणे माफ केले आहे. ही गोष्ट अभिनंदनीय आहे. पण शुल्क माफ झाले तरी निवारा माफ होत नाही. आपल्या ज्ञातीचे मुलांचे वसतिगृह इतकी वर्षे आहे. मुलींचे अद्याप नाही. ‘मुलींची जबाबदारी कोण घेणार?’ असे म्हणून तो विषय प्रत्येक सभेत पुढे ढकलला गेला. मुलींना घरी ठेवणारे पालकच केवळ मागासलेले असतात असे नव्हे. कधी कधी संस्थाही असतात.

आता मूल्यमापनाच्या प्रश्नाकडे वळू. महाविद्यालयांची पारख करण्यासाठी १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली ‘नॅक’, स्थापन झाली. तिने ठरविलेल्या सात निकषांत ‘विद्यार्थी-साहाय्य आणि प्रगती’ हा स्वतंत्र निकष होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेविषयीचे विनियम काढले आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकण्याची व्यवस्था उच्च शिक्षणसंस्थांवर बंधनकारक केली. पूरक वर्ग, ग्रंथपेढी, समुपदेशन, समान संधी केंद्र अशी नावे महाविद्यालयांच्या माहितीपुस्तकांत आता सर्वत्र दिसतात. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु निकष आला की कागद येतो, आणि कागद भरला की काम झाले असे वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव आहे. पूरक वर्गाचा फलक असतो, पण वर्ग सायंकाळी सहाला असतो आणि गावाकडची शेवटची एस.टी. साडेपाचला सुटते. ग्रंथपेढी असते, पण पुस्तके परीक्षा तोंडावर आल्यावर मिळतात. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण ती खात्यात जमा होईपर्यंत वर्ष उलटून जाते. तोवर खानावळीचा मालक थांबत नाही.

हे सर्व इतरांविषयी लिहिणे सोपे आहे. आमच्या स्वतःच्या वाट्याला आलेली एक गोष्ट येथे सांगितली नाही, तर हा लेख अप्रामाणिक ठरेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही आपल्या वसतिगृहाचे चिटणीस होतो. भोजनाच्या खर्चाची बाकी वाढत चालली होती, आणि वसुली करा म्हणून कार्यकारी मंडळाचा तगादा होता. आम्ही बाकीदार विद्यार्थ्यांची नावे रकमेसह सूचनाफलकावर लावली आणि खाली सही केली. आठवड्यात बहुतेक बाकी वसूल झाली. त्या वर्षीच्या अहवालात चिटणिसांच्या दक्षतेबद्दल आमचे आभार मानले गेले. यादीतील एक विद्यार्थी मात्र त्याच रात्री ट्रंक घेऊन निघून गेला. कोरडवाहू गावचा, बोलणे थोडके, आणि अभ्यासात बरा. नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘जागा सोडली’ एवढाच शेरा आहे. तो आमच्याच हातचा आहे. पुढच्या महिन्यात त्याच्या नावे शिष्यवृत्तीच्या रकमेचे पत्र आले. ते आम्ही गावच्या पत्त्यावर पाठविले. त्यानंतर त्याचे काय झाले याची चौकशी कोणी केली नाही. आम्हीही केली नाही.

कित्येक वर्षांनी एका लग्नात तो भेटला. शेती करीत होता, मुलांना शिकवीत होता. आम्ही ओशाळून तो विषय काढला. त्याने राग धरला नव्हता. तो एवढेच म्हणाला, “साहेब, पैसे नव्हते हे खरं. पण वडील दुसऱ्या दिवशी भेटायला येणार होते. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी माझं नाव तेवढं ओळखता यायचं.”

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, त्या वर्षीचे आमचे हिशेबपत्रक निर्दोष होते. एक पैसाही येणे राहिला नव्हता. आणि तरीही, विद्यार्थी शिकावा म्हणून काढलेल्या वसतिगृहाने एका विद्यार्थ्याचे शिक्षण थांबविले होते. शाहू महाराजांनी १८९६ च्या वसतिगृहाबाबत जो प्रश्न स्वतःला विचारला तो आम्ही विचारला नाही. ‘मुलगा का गेला?’ हा तो प्रश्न. त्याचे उत्तर पैशात नव्हते. महिनाभर थांबण्याइतका धीर आणि चार शब्द बाजूला घेऊन बोलण्याइतकी माणुसकी, एवढ्यावर ते शिक्षण तरले असते.

म्हणून इतिहासाच्या आणि या अनुभवाच्या आधारे, साहाय्याची पारख कशी करावी याविषयी आमचे मत आम्ही नम्रपणे मांडतो. साहाय्य ज्याला सर्वाधिक हवे त्याच्यापर्यंत पोहोचले का, ही फुल्यांची कसोटी आहे. आत आलेल्याला आपलेपणा वाटला का, ही शाहू महाराजांची आहे. घेणाऱ्याची मान ताठ राहिली का आणि तो इतरांच्या पंक्तीला बसायला शिकला का, ही भाऊरावांची. शिकणाऱ्याच्या पोटापाण्याची आणि वेळेची अडचण ओळखून व्यवस्था स्वतः बदलली का, ही बाबासाहेबांची. या चारही कसोट्यांना उतरणारे वसतिगृह लहान असले तरी चालेल. या कसोट्यांना न उतरणारे वसतिगृह संगमरवरी असले तरी ते धर्मशाळेहून अधिक काही नव्हे.

यावर कोणी म्हणेल, कार्यालयाच्या भाड्यातून उत्पन्न वाढेल आणि त्यातूनच विद्यार्थ्यांना अधिक देता येईल. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. परंतु लग्नसराई आणि परीक्षा या दोहोंचा हंगाम एकच आहे. वसतिगृहाच्या खिडकीखाली वाजंत्री वाजत असता वर मुलांनी काय वाचावे? शिवाय एकदा उत्पन्नाची गोडी लागली की, विद्यार्थ्यांच्या खोल्या वऱ्हाडाच्या बिऱ्हाडासाठी रिकाम्या करून घेण्याचा मोह कोणत्याही मंडळाला होईल. आम्ही ज्यांच्यासोबत काम केले ती माणसे सज्जन होती, आणि तरीही ती यादी फलकावर लागली. तेव्हा सज्जनपणावर सर्व भार टाकू नये.

ज्ञातीबाहेरील विद्यार्थ्यांस जागा देण्याविषयी काही वडीलधाऱ्यांच्या मनात शंका आहे. ‘आपल्याच मुलांना पुरत नाही, तर दुसऱ्यांना कोठून द्यायचे?’ हा त्यांचा प्रश्न आपुलकीतून आलेला आहे. मात्र आज आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे स्थिरस्थावर झाली आहेत. त्यांची मुले वसतिगृहात न राहता स्वतंत्र खोल्या घेऊन राहतात. आपल्या पूर्वजांना ज्या अडचणीने शहराच्या वेशीवर अडविले ती आज ज्यांना अडवीत आहे, ती मुले कदाचित दुसऱ्या ज्ञातीची असतील, भटक्या जमातीची असतील, ऊसतोडणीला सहा महिने बाहेर असणाऱ्यांची असतील. जे आपल्या वाडवडिलांना कोणीतरी दिले ते पुढच्याला देणे यात औदार्य नाही, परतफेड आहे. आणि आपल्याही मुलांचा यात लाभ आहे. एकाच ज्ञातीच्या मुलांत वाढलेला मुलगा पुढे कचेरीत, कारखान्यात, परदेशात गेला की गोंधळतो. साताऱ्याच्या पंक्तीत बसलेला मुलगा गोंधळला नसता.

आमच्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांना फार खर्च नाही. वसतिगृहाच्या नोंदवहीत ‘शेरा’ या रकान्याच्या जागी ‘कारण व पाठपुरावा’ असा रकाना असावा, आणि जागा सोडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी चिटणिसांनी महिन्याच्या आत स्वतः जाऊन यावे किंवा निदान दूरध्वनी करावा. शिष्यवृत्ती येईपर्यंतचा खर्च भागविण्यासाठी लहानसा उसनवार निधी ठेवावा. त्यासाठी अर्ज, शिफारस, जामीन काही नको, गृहपालाचा शब्द पुरे. कोणाही विद्यार्थ्याचे नाव येणे बाकीसाठी फलकावर लावू नये, असा नियम घटनेतच घालावा. नव्या विद्यार्थ्यामागे एक वरच्या वर्गाचा विद्यार्थी नेमून द्यावा. महाविद्यालयातील कोणत्या खिडकीवर कोणता कागद मिळतो येथपासून इंग्रजीतील व्याख्यान कसे टिपावे येथपर्यंत सर्व त्याने सांगावे. मुलींच्या वसतिगृहासाठी, स्वतःची इमारत होईपर्यंत, भाड्याचे घर घेऊन याच वर्षी आरंभ करावा. आणि दरवर्षीच्या स्मरणिकेत जमाखर्चपत्रकाशेजारी दुसरे पत्रक छापावे : किती आले, किती उत्तीर्ण झाले, किती गेले आणि का.

गुणवंतांची छायाचित्रे छापू नका असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या कष्टांचे ते योग्य कौतुक आहे. परंतु संस्थेचे खरे प्रगतिपुस्तक पहिल्या आलेल्या मुलाच्या छायाचित्रात नसून, जो निघून जाण्याच्या बेतात होता आणि थांबला, त्याच्या नावात असते. आणि ते नाव कोठेही छापले जात नाही, हेच त्या साहाय्याचे यश होय.

सर्वसाधारण सभेस ज्ञातिबांधवांनी, विशेषतः भगिनींनी, बहुसंख्येने उपस्थित राहून आपले मत द्यावे अशी आमची आग्रहाची विनंती आहे. ती जुनी नोंदवही आम्ही सभेच्या दिवशी टेबलावर ठेवणार आहोत. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी ती अवश्य उघडून पाहावी.